मोठा बॅजर ब्रश, बोअरचं पाणी आणि न टिकणारा फेस

प्रश्न थोडक्यात असा. दर्यापूर तालुक्यातल्या एका भाऊंनी दाढीचा 28 मिलिमीटरचा सिल्व्हरटिप बॅजर ब्रश, म्हणजे बॅजर या जनावराच्या मऊ, फिकट टोकाच्या केसांचा ब्रश, मागवला. आधी ते बाजारातला साधा नायलॉनचा ब्रश आणि ट्यूबचं क्रीम वापरत, दाढी बरी व्हायची. आता त्याच क्रीमचा फेस गालावर अर्ध्या मिनिटात बसतो, क्रीम जातं कुठे ते कळत नाही, ब्रशला जनावराचा वास येतो आणि रोज चार-पाच केस गळतात. ब्रश खोटा निघाला का, परत करावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, घाईने परत करू नका. वास आणि थोडी केसगळ ही नव्या बॅजर ब्रशची नेहमीची लक्षणं आहेत, आठ-दहा दाढ्यांत जातात. फेस बसतो त्याचं पहिलं कारण तुमचं पाणी आणि दुसरं क्रीमचं माप. ब्रश बदलला तेव्हा ही दोन्ही मापं बदलायला हवी होती, तिथेच सगळं अडलं आहे.

आधी ब्रश नीट मोजून घ्या. विकणारे कधी मुठीची जाडी सांगतात, कधी फुललेल्या केसांचा घेर. खरं माप केसांची जुडी मुठीतून जिथे बाहेर येते, तिथलं. तिथे दोऱ्याचा एक वेढा द्या, दोरा पट्टीवर मोजा आणि 3.14 ने भागा. दोरा 75 मिलिमीटर भरला तर ब्रश 24 चा, 88 भरला तर 28 चा, 94 भरला तर 30 चा. मग मुठीच्या काठापासून टोकापर्यंत केसांची उंची घ्या. ही उंची जुडीच्या जाडीच्या साधारण दुप्पट असते. 28 च्या ब्रशला 50-52 मिलिमीटर उंची असेल तर तो ताठ वागतो, 60 च्या पुढे गेली तर लुळा पडतो आणि गालावर नुसता लोळतो. मोठ्या ब्रशबद्दलच्या बऱ्याच तक्रारी जाडीच्या नसतात, या उंचीच्या असतात. पुढे कधी ब्रश घ्याल तेव्हा दोन्ही आकडे विचारा.

साधा नायलॉनचा ब्रश 20 मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमचा 28 चा. फरक आठच मिलिमीटरचा दिसतो, पण जुडीचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं. शिवाय बॅजरचा केस पाणी धरून ठेवतो आणि नायलॉनच्या ब्रशातून ते निथळून जातं. म्हणजे जुन्या सवयीने ब्रश भिजवून एक सेंटिमीटर क्रीम घेतलं, तर क्रीम निम्मं आणि पाणी कित्येक पट अशी स्थिती होते. तो फेस टिकणारच नाही.

खऱ्या-खोट्याची शंका गळलेल्या केसावरच फेडता येते. बॅजरचा केस टोकाला फिकट, मधे काळा पट्टा आणि बुडाकडे पुन्हा फिकट असा असतो. चिमट्यात धरून काडी लावा. खरा केस केस जळाल्याचाच वास देतो आणि राख बोटात चुरडली जाते. नायलॉन वितळून त्याची टणक गुठळी होते. एवढ्यावरून केस जनावराचा आहे हे कळतं, बॅजरचाच आहे हे कळत नाही. डुकराचे केस रंगवूनही विकतात. तो केस जाड असतो आणि टोकाला फाटून त्याला दोन-तीन फाटे फुटलेले दिसतात. बॅजरचं टोक निमुळतं होत जातं. धुताना पाणी पहिल्या दोन-तीन वेळांनंतरही काळसर येत राहिलं, तर रंगवलेला माल समजा आणि मग खुशाल परत करा.

वासासाठी नवा ब्रश कोमट पाण्यात साध्या शाम्पूने दोनदा धुवा. मग वाटीत साबणाचा दाट फेस करून ब्रशात भरा, तीन-चार तास तसाच ठेवा आणि धुऊन वाळवा. दोन-तीन दिवस हे करा. वास एकदम जात नाही, उतरत जातो. पाणी मात्र कधीही हाताला सोसेल एवढंच गरम घ्या, 40-45 अंशांपर्यंत. चुलीवरच्या पातेल्यातलं उकळतं पाणी ब्रशावर ओतलं, की केस कडक होऊन वाकडे पडतात आणि जुडी धरून ठेवणारा डिंक सैल होतो. निर्जंतुक करायचं म्हणून नवा ब्रश उकळणारे आहेत. तो ब्रश मग कामाचा राहत नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण तुमच्या भागात सगळ्यात जास्त इथेच बिघडतं. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारं, आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही असतात. पट्ट्याबाहेरही बहुतेक बोअरचं पाणी जड असतं. कूलरच्या पॅडवर उन्हाळाभरात जो पांढरा थर चढतो, तेच क्षार तुमच्या फेसात उतरतात. दाढीचा साबण आणि बहुतेक क्रीमं स्टिअरिक आम्लापासून बनतात. त्याचा कॅल्शियमशी संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा चिकट साका होतो. जेवढं क्रीम साक्यात गेलं, तेवढं फेसाच्या कामातून गेलं. छोट्या ब्रशात पाणीच कमी असायचं, म्हणून नुकसानही कमी व्हायचं. मोठा बॅजर जास्त पाणी धरतो, म्हणजे जास्त क्षार धरतो, आणि क्रीमचा पहिला हप्ता त्या क्षारांतच संपतो. ब्रश क्रीम गिळतो असं वाटतं ते यामुळे.

खात्री करायची असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पेलाभर बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हीत नखाएवढा साबण किसून टाका, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. आरओच्या बाटलीत फेस उभा राहील. दुसरीत तो बसलेला दिसेल आणि पाणी दुधाळ होऊन वर कण तरंगतील.

उपाय महाग नाही. ब्रश भिजवायला आणि फेस करायला सगळं मिळून एक पेला, म्हणजे 200 मिलिलिटर मऊ, कमी क्षारांचं पाणी पुरतं. घरी पिण्याच्या पाण्याची कॅन येत असेल तर त्यातलं घ्या. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीचं पाणी उत्तम, फक्त पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्या, कारण त्यांत छपराची धूळ आणि माती उतरते. तोंड धुवायला आणि रेझर खंगाळायला बोअरचंच पाणी चालतं. उकळून, गार करून, वरचं निवळ घेतलं तर काही क्षार भांड्याच्या बुडाशी बसतात, त्यामुळे पट्ट्याबाहेरच्या साध्या जड पाण्याला याचा थोडाफार उपयोग होतो. खाऱ्या पाण्यातलं मीठ उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. काहीच जमलं नाही तर क्रीम वाढवा, आणि डब्यावरच्या घटकांत टेट्रासोडियम ईडीटीए किंवा एटिड्रोनेट असलेलं क्रीम निवडा. हे पदार्थ क्षारांना बांधून ठेवतात, फेस वाचतो.

तुरटीचं एक सांगायलाच हवं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने माती खाली बसते, पण पाणी मऊ होत नाही. उलट तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाशी संयोग पावून साकाच करतं. म्हणून तुरटी फिरवलेलं पाणी फेसाला घेऊ नका. दाढीनंतर तोंडावर तुरटी फिरवता तेव्हाही ब्रश आधी धुऊन बाजूला ठेवा. तुरटीच्या हाताने ब्रश पिळला, तर दुसऱ्या दिवशीचा फेस लवकर चढत नाही.

फेस कसा करायचा ते आता क्रमाने. ब्रशचे केस मुठीच्या काठाखाली एक बोट अंतर राहील एवढेच पाण्यात बुडवा. एक मिनिट खूप झालं. डुकराच्या केसाचा ब्रश पाच मिनिटं भिजवावा लागतो, बॅजरला त्याची गरज नाही. मूठ लाकडी असेल तर ती पाण्यात जाऊच देऊ नका. बाहेर काढून जुडी हाताच्या मुठीत हलकी पिळा आणि दोनदा झटका. ब्रश उलटा धरला तर थेंब टपकता कामा नये. मोठ्या ब्रशाच्या पोटात पाणी लपून राहतं. वरून कोरडा दिसतो आणि गालावर दाबला की धार सुटते. म्हणून पिळताना बोटं बुडाशी न्या, टोकाशी नको.

ट्यूबचं क्रीम असेल तर दोन ते अडीच सेंटिमीटर घ्या, आणि ते ब्रशावर न घेता वाटीच्या बुडाला लावा. मोठ्या ब्रशावर मधोमध ठेवलेलं क्रीम जुडीत आत शिरतं आणि दाढी संपेपर्यंत बाहेर येत नाही. वडीचा साबण असेल तर दुसरी अडचण. वडी लहान, ब्रश फुलून तिच्याबाहेर जातो आणि निम्मे केस हवेतच फिरतात. वडी किसणीवर किसा, सपाट बुडाच्या, दहा-बारा सेंटिमीटर तोंडाच्या स्टीलच्या वाटीत ओल्या अंगठ्याने दाबून बसवा आणि एक दिवस सुकू द्या. आता पूर्ण ब्रश साबणावर टेकेल. छोट्या ब्रशाला 15-20 सेकंद फिरवणं पुरायचं, याला 40 सेकंद द्या, आणि बोअरचंच पाणी असेल तर मिनिटभर. केसांच्या टोकांवर दाट, कोरडट लेप दिसला की साबण पुरला. तिथे मोठे बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त आहे, पुन्हा पिळून सुरू करा.

मग दुसऱ्या मोकळ्या वाटीत फेस फेटा. अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत जा आणि दर वेळी 15-20 सेकंद फिरवा. एकूण दोन ते तीन चमचे लागतात. आधी फेस चिकट आणि निस्तेज असतो, मग फुगतो, मग त्यावर ओली चकाकी येते. फेटलेल्या घट्ट दह्यासारखा झाला की थांबा. बोटांत चोळून पाहा. बोटं एकमेकांवरून सरकली पाहिजेत आणि फेसात बुडबुडे दिसता कामा नयेत. बोटं अडखळली तर पाणी कमी. फेस वाटीच्या कडेवरून ओघळला तर पाणी जास्त, थोडं क्रीम घाला. फुगलेला फेस म्हणजे चांगला फेस नव्हे. मोठा ब्रश हवा पटकन भरतो आणि ढीग दिसतो, पण पातं घसरतं ते ओल्या, दाट थरावर. अर्ध्या मिनिटात बसतो तो हा हवेचाच फेस.

एप्रिल-मे महिन्यात विदर्भातली कोरडी हवा फेस पाहता पाहता वाळवते, कूलर किंवा पंख्यासमोर तर आणखी लवकर. अशा दिवसांत अर्धा चमचा पाणी जास्त घाला, एकदम सगळ्या तोंडाला फेस न लावता एक बाजू लावून ती आधी करा आणि वाटीतला फेस ओल्या फडक्याने झाका. थंडीत उलट. फेस टिकतो पण गार पडतो, तेव्हा फेसाची वाटी कोमट पाण्याच्या परातीत ठेवा.

तोंडावर मोठा ब्रश वापरताना पकड बदला. मूठ मागे धरली तर ब्रश पूर्ण फुलतो आणि फेस कानात, नाकपुड्यांत, मिशीवर जातो. बोटं खाली आणून जिथे केस सुरू होतात तिथे चिमटीत धरा. ब्रश अरुंद होतो आणि हातात राहतो. मिशी ठेवणाऱ्यांनी ओठाच्या वर ब्रश न नेता बोटाने फेस लावावा. 28 च्या ब्रशने मिशीची कड सांभाळणं कुणालाच नीट जमत नाही. दाब एवढाच, की केस उंचीच्या एक-तृतीयांश वाकतील. पहिलं मिनिट हलकं गोल फिरवा, मग रंग मारल्यासारखे सरळ हात द्या. जोरात दाबून गोल-गोल घासत राहिलात तर काही महिन्यांत जुडीच्या मधले केस तुटतात आणि मधोमध खड्डा पडतो, तो पुन्हा भरत नाही. रेझरच्या दुसऱ्या फेरीला फेस कमी वाटला तर नवं क्रीम घेऊ नका. जुडी बुडाशी दोन बोटांनी दाबत वर या, आत अडकलेला फेस बाहेर येतो.

सोमवार, गुरुवार, शनिवार पाळून चार-पाच दिवसांनी दाढी करत असाल तर हे लक्षात ठेवा, की सिल्व्हरटिप मऊ असतो आणि वाढलेले जाड खुंट तो उभे करू शकत नाही. आधी ओलं कोमट फडकं दोन मिनिटं तोंडावर धरा आणि गोल फिरवणं दीड-दोन मिनिटांपर्यंत वाढवा. खरं सांगायचं तर अशा दाढीला डुकराच्या केसाचा ताठ ब्रश जास्त चांगलं काम करतो आणि स्वस्तही पडतो.

धुणं आणि वाळवणं यावर ब्रशचं आयुष्य ठरतं. पाणी नितळ येईपर्यंत खंगाळा, शेवटचं खंगाळणं त्या पेल्यातल्या उरलेल्या मऊ पाण्याने करा, पिळा, झटका, टॉवेलवर दोन-चार वेळा हलके हात मारा. केस ओढू नका. टांगून ठेवा किंवा उभा ठेवा, फरक पडत नाही. हवा लागली पाहिजे. न्हाणीत ठेवू नका. मे महिन्यात टिनाखालच्या तापलेल्या खिडकीत किंवा थेट उन्हातही नको, केस ठिसूळ होतात आणि मुठीला तडे जातात. जुलै-ऑगस्टच्या झडीत 28 ची दाट जुडी एका दिवसात आतून वाळत नाही. वर हात लावला तर कोरडी, पोटात ओली, आणि मग कुबट वास येतो. त्या दोन महिन्यांत एक साधा सिंथेटिक ब्रश आलटून-पालटून वापरा, म्हणजे बॅजरला दोन दिवस मिळतात.

महिन्यातून एकदा जड पाण्याचा साका काढा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा निंबूसत विरघळवा, केस त्यात पाच-सात मिनिटं बुडवा, मग शाम्पूने धुवा आणि मऊ पाण्याने खंगाळा. पांढरं व्हिनेगर असेल तर एक भाग व्हिनेगरला दहा भाग पाणी. केसांच्या बुडाशी पांढुरकी पावडर दिसू लागली, किंवा टोकं बोटाला राठ लागू लागली, तर महिना संपायची वाट पाहू नका.

या ब्रशाचे केस प्रामुख्याने चीनमधून येतात. आपल्या मेळघाटातलं चांदी अस्वल (हनी बॅजर) हे बॅजरच्याच कुळातलं समजतात, पण त्याचा या ब्रशाशी संबंध नाही आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणं-घेणंही गुन्हा आहे. जत्रेत किंवा फेरीवाल्याकडे 'जंगली केसांचा' म्हणून कुणी काही दाखवलं तर हात लावू नका. तसाच भंगारातला, कुणाचा तरी जुना ब्रशही नको. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरसारखे रंगवलेले घोड्याच्या केसांचे ब्रश वापरून सैनिकांना काळपुळी झाली होती. गुरांना फाशी म्हणून जो रोग होतो तोच हा. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं जगतात, आणि ब्रश उकळून त्यांचा बंदोबस्त करता येत नाही, कारण तोवर ब्रशच उकलतो.

तुमच्यासारख्या पाण्याच्या गावात नव्याने घेणाऱ्याने 28-30 कडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. 24 चा, 50 उंचीचा ब्रश निम्म्या त्रासात तेच काम करतो. पण तुमच्याकडे मोठा आलाच आहे, तर वाटी आणि पेलाभर मऊ पाणी घेऊन वापरा. वाटीतला गरम, भरपूर फेस हे मोठ्या ब्रशाचं खरं सुख, ते नायलॉन देत नाही.

केसगळीवर लक्ष ठेवा. दहा-बारा दाढ्यांनंतरही रोज चार-पाच पडत असतील, किंवा एका जागचे झुपक्याने निघत असतील, तर आतला डिंक कच्चा आहे. मुदत असेल तर तेव्हा बदलून घ्या. अख्खी जुडीच मुठीतून निघून आली तर घाबरू नका, ती बसवता येते. खोबण खरवडून जुना डिंक काढा, जुडी आणि मूठ दोन दिवस पूर्ण वाळू द्या. अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा डिंक समसमान मिसळून खोबणीच्या बुडाशी आणि थोडा कडेला लावा, केसांवर चढू देऊ नका, आणि ब्रश उभा ठेवून 24 तास हलवू नका. ब्रश लुळा वाटत असेल तर हीच संधी आहे. खोबण तीन-चार मिलिमीटर खोल करून जुडी खाली बसवा, 60 ची उंची 56 वर येते आणि ब्रश ताठ होतो.